माझ्यामागे चूल पेटती राहावी म्हणून

मी, धाकू बिन गणू आगरी, वय सुमारे सत्तर, राहणार मौजे डोंबिवली, तालुके कल्याण, जिल्हे ठाणे, पोट भरलेले, डोके ठिकाणावर व कोणाचा धाक नसताना हे मृत्युपत्र सांगतो. मला लिहिता येत नाही. लिहिणार हरिहर जोशी. ते मधूनमधून हसतात, त्यास माझी हरकत नाही.

बायको वारली, मूलबाळ नाही. घर व खाडीकडील भातशेत मी मिठागरावर पाट्या वाहून कमावले. वडिलोपार्जित काही नाही, सबब भाऊबंदांचा हक्क नाही.

महागाईच्या सालात मी एकवेळच्या पेजेवर आलो. अंगातले बळ गेले म्हणून शेत पडीक राहिले, आणि शेत पडीक म्हणून पेज आणखी पातळ झाली. खांब धरल्याशिवाय उठता येईना. विहिरीवर पडलो. सारे म्हणाले, वय झाले. मलाही तसेच वाटले.

तेव्हा पुतण्या गोपीनाथ स्टँपाचा कागद घेऊन आला. "काका, हात हालतोय तवर निशाणी कर. शेत माझ्या नावावर होऊ दे."

शेजारची बायजा, दगडूची विधवा, दारात उभी होती. ती म्हणाली, "कागद आणलास रं गोपीनाथ. भाकर आणलीस का?"

त्याने आणली नव्हती. तो गेल्यावर बायजा माझ्याकडे वळली. "म्हातारपण नाय ह्ये, धाकू. भूक हाय ती."

संध्याकाळी तिने भात व सुकटीचे कालवण आणले. तिच्याही घरी चूल एकदाच पेटे. म्हणाली, "तुझं सरपण, माझं तांदूळ. एकटीपुरतं रांधायला हात उचलत नाय." तेव्हापासून आमची चूल एक. गावात कुजबूज झाली. या वयातही आपल्याविषयी कुजबूज होते, याचा आम्हां दोघांस आनंदच झाला.

शिमग्यापर्यंत मी खांब सोडला. पावसाळ्यात म्हाताऱ्या काळुरामासोबत लावणी केली. तोही जेवायला येऊ लागला. आज पानावर आम्ही पाच म्हातारे असतो, आणि आज मी कल्याणास पायी आलो.

सबब व्यवस्था अशी:

घर बायजेने हयातभर वापरावे. तिला कोणी उठवू नये. तिच्यामागे जे म्हातारे तेथे जेवत असतील त्यांनी राहावे.

शेतातले भात त्या चुलीचे. कष्ट होत नाहीत म्हणून कोणास अर्धे पान वाढू नये. दारी वृद्ध आल्यास वय विचारण्याआधी जेवला का, ते विचारावे.

फावडे काळुरामास. तो ते आधीच घेऊन गेला आहे.

माझी काठी गोपीनाथास. मला ती लागत नाही. तो कधी भुकेला आला तर त्यालाही वाढावे. बायजेने टोमणा मारू नये. राहवले नाही तर एकच मारावा.

माझ्यामागे गावजेवण घालू नये. तेवढ्या तांदळात घरच्यांचा पावसाळा निघेल. दहाव्याला कावळ्यापुढे पिंड ठेवावा. पण तो शिवेना, तर माझी इच्छा काय राहिली म्हणून कोणी ताटकळत बसू नये. आधी घरी जाऊन म्हाताऱ्यांस वाढावे. कावळा आपल्या सवडीने येईल.

हे वाचून दाखविले, मी ऐकले, ते बरोबर आहे.

निशाणी नांगराची, धाकू बिन गणू आगरी
साक्ष: तानाजी बिन राघो, निशाणी नांगराची
साक्ष: गोविंद नारायण, सही दस्तूर खुद्द
हस्ताक्षर: हरिहर जोशी

मुक्काम कल्याण, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०१