डॉक्टरबाईंचा प्रश्न

प्रिय ताई,

बाळाचा विचार आहे, म्हणून आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "घरात कुणाला गरोदरपणात त्रास झाला होता?" मी "नाही" म्हणून मोकळी झाले.

घरी येताना तुझे ते दिवस आठवले. दिवस राहण्याआधीच तू छापखान्यातलं यंत्रावरचं उभ्याचं काम सोडलंस आणि पगार कमी असूनही टेबलावर बसून प्रुफं तपासायला लागलीस. अंगात ताकद यावी म्हणून रोज तीन जिने चढायचीस. मी चिडवायचे, "कशात काही नाही आणि तयारी बघा हिची." तू हसून म्हणायचीस, "येणाऱ्याला घर आवरलेलं दिसू दे." किती हसायचो गं आपण.

पाचव्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा मी पटकन बोलून गेले, "जाऊ दे, दुसरं होईल." त्यानंतर तू माझ्यापाशी बाळाचा विषय कधीच काढला नाहीस.

काल मी डॉक्टरबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बहिणीला नीट विचारून या." पण हे कागदावर विचारणं मनाला पटेना, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. रविवारी मीच येते. आधी तुझी माफी मागेन, मग तुझ्या बाळाबद्दल तू सांगशील तेवढं ऐकेन. माझं नंतर बघू.

तुझीच,
धाकटी