झोप न येणारी गोळी

शनिवार, संध्याकाळचे सात. खांदेश्वर, दुकानातच.

नितीनचा फोन अजून लागत नाहीये. रेंज नसेल, असं मीच मला सांगतेय.

गुरुवारी हाच माझा धाकटा भाऊ आमच्या मेडिकलच्या काउंटरसमोर उभा होता, नाक गच्च. म्हणाला, "ताई, झोप येणार नाही अशी दे काहीतरी." मी मुद्दाम शोधून झोप न येणारी, नाक मोकळं करणारी गोळी दिली. मित्रांबरोबर मालवणला चाललाय, एवढंच मला माहीत होतं. तो समुद्रात खोल उतरणार, तेही जास्त ऑक्सिजनची टाकी पाठीला लावून, हे आज पावणेचारला त्याच्या मेसेजवरून कळलं.

मग वाचत बसले. त्या टाकीबरोबर ही गोळी टाळा म्हणतात. पक्का पुरावा नाही, पण खाली फिट येऊ शकते. पाण्यात फिट आली तर तोंडातली नळी सुटणार. पुढचं वाचलंच नाही.

परक्या गिऱ्हाईकाला मी विचारते, बीपी आहे का, गाडी चालवणार का. सख्ख्या भावाला एक प्रश्न विचारला नाही. झोप न येणारी दिली म्हणून उलट खूश होते मी.

आईने दोनदा फोन करून विचारलं, नितीनशी बोललीस का. दोन्ही वेळा हो म्हटलं.

त्याचा मेसेज परत परत उघडतेय. "नाक एकदम मोकळं. तुझी गोळी भारी आहे, ताई. आता जास्त ऑक्सिजनवाली टाकी लावून खोल उतरतो."