कानात सांगणारं कोणी नव्हतं

शनिवार, संध्याकाळ

रत्नागिरीतल्या चित्रपट महोत्सवाला एकटीच गेले. जायला हवं होतं का? दरवर्षी हे शेजारी बसून परदेशी सिनेमांतल्या इंग्रजी ओळी माझ्या कानात मराठीत सांगायचे. मागचे लोक चिडायचे. आज आधी इराणी सिनेमा झाला, मग पोलिश. मी एक ओळ वाचेपर्यंत दुसरी येते.

पोलिश सिनेमाच्या शेवटी एक म्हातारी नवऱ्याला गाडीत बसवताना काहीतरी बोलली आणि आजूबाजूची माणसं डोळे पुसायला लागली. शेजारच्या मुलीला विचारलं, "काय गो म्हणाली ती?"

"पोचलात की कळवा, एवढंच म्हणाली, काकू."

शिमग्याआधी ह्यांना मुंबईला नेलं, तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये मुलगा बसला, मला जागा नव्हती. दारातून मीही हेच म्हटलं होतं. हे हसून हो म्हणाले.

कळवलं मुलाने.