काठ बांधायचा राहिलेलं सूप

पोलादपूर,
दि. १८ जानेवारी २०२६

चि. श्रुतिकास,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

मी इथे ठीक हाय. तुझी आणि अक्षदाची तब्येत कळव. सुनीलरावांना नमस्कार सांग. पत्र बघून हसू नको. फोनवर मी काही सांगायला लागलो की तुझं पोर रडतं, नायतर कुकरची शिट्टी होते, मग मी "बरं, ठेवतो" म्हणतो. कागद मधेच रडत नाय.

थंडी बरी पडलीय. वालाला फुलं धरलीत. सोमाच्या म्हशीला रेडी झाली.

बारशाचं चित्र तू सयाजीच्या फोनवर पाठवलंस ते बघितलं. तुझी आई नऊवारीत, तिच्या मांडीवर अक्षदा, शेजारी मी फेटा बांधून, पुढ्यात सूप. सयाजी म्हणाला, "वहिनींना कॉम्प्युटरने बसवलं ते कळलं रे. पण तू काय दिसतोयस! फेटा कुणाचा?" मी म्हटलं, व्याह्यांचा. मग पारावर सगळे विचारायला लागले, बारसं कसं झालं. झकास झालं, म्हटलं. जेवायला काय होतं? जिलेबी होती, म्हटलं. होती का गो?

मी तुला फोनवर सांगितलं होतं, गुडघे धरलेत, येत नाय. गुडघ्यांना काय धाड भरलीय! परवाच डोंगरातनं बांबू खांद्यावर घेऊन उतरलो. खरं कारण निराळं हाय. आपल्यात पोर आधी नव्या सुपात निजवतात, मग पाळण्यात. अख्ख्या वाडीची पोरं माझ्या सुपात निजली. तुझ्या लेकीचं सूप मी तुला सातवा लागला तेव्हाच विणायला घेतलं. विणून झालं आणि काठाशी अडलं. काठाची कामटी एकाने दाबून धरायची, दुसऱ्याने पट्टी ओढून आवळायची. जन्मभर तुझ्या आईने धरलं, मी आवळलं. ती गेल्यापासून नवं सूप केलंच नव्हतं, त्यामुळे हे ध्यानात आलं नाय. पायाच्या बोटांत धरून बघितलं, दाराच्या फटीत अडकवून बघितलं. सुटतंच लेकाचं. सयाजीला बसवलं तर कामटी उडाली ती त्याच्याच नाकावर. असलं उघड्या काठाचं सूप घेऊन तुझ्या सासरच्या माणसांत कुठे जायचं? म्हणून गुडघे.

पण बारशाच्या दिवशी सकाळी घरात बसवेना. सूप पिशवीत घातलं, पट्टी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पहिली एसटी धरली. म्हटलं, लहानपणी आई चुलीपाशी गेली की तू तिच्या जागी बसून काठ धरायचीस. हॉलच्या कोपऱ्यात जरा धरशील, मी आवळीन, झालं.

होय गो, मी पनवेलला आलो होतो.

दारातच ते चित्र लावलेलं, माणसाएवढं मोठं. तुझी आई आजारपणाआधी हसायची तशीच हसत होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. मागनं एक पोरगी दुसरीला म्हणाली, "एआयने केलंय, पण कसलं खरं वाटतं ना!" मग मला म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला व्हा ना. आजी-आजोबांबरोबर फोटो काढायचाय."

मी बाजूला झालो.

तिचा काय दोष? चित्रातला म्हातारा ताठ होता, गालांनी भरलेला. त्याच्या सुपाचा काठ छान आवळलेला, आणि तो धरायला त्याला कुणी लागलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला. तुझी आई त्याच्याजवळ बसली होती. तेवढ्यात आतनं तुझा आवाज आला, "बाबा यायला हवे होते." तो ऐकूनसुद्धा मी आत आलो नाय. का आलो नाय ते मलाच सांगता येत नाय. परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि रडलो. कंडक्टर विचारायला आला, काका, बरं नाय का? म्हटलं, गुडघे दुखतात.

चित्रासाठी मी रागावलेलो नाय. मी येत नाय म्हटल्यावर तू मला आईशेजारी बसवलंस, तुझी माया कळते मला. पण घरात बोलायला कुणी नाय गो. जेवताना मी रेडिओ लावतो आणि त्यालाच उत्तरं देतो.

सूप चुलीवरच्या माळ्यावर ठेवलंय, धुराने कीड लागत नाय. पट्टी रोज संध्याकाळी पाण्यात टाकतो, वाळली की तुटते. पण पोर वाढतंय. उपडी पडायला लागली की ती सुपात राहायची नाय.

एखाद्या रविवारी तिला घेऊन ये. येताना काही आणू नको. काठ धरायला ये.

बिनफेट्याचा,
तुझा बाबा