दोनदाच घुमणारी तार

बारामती, मंगळवार, १९९९

गिटारचा सूर पुन्हा पुन्हा घुमवणाऱ्या जुन्या इको यंत्राची फीत झिजली असं वाटलं, म्हणून मुंबईहून हे पायानं दाबायचं नवं इको पेडल आणलं. हुबेहूब तसंच घुमतं, असं दुकानदार म्हणाला होता. संध्याकाळी तालमीत तार छेडली. दोनदा घुमली आणि संपली.

"फसवलं मला," मी म्हणालो.

आमच्या ऑर्केस्ट्रात गाणारे तात्या म्हणाले, "आरं, अजून घुमतंय की. तुला ऐकू येत न्हाय व्हय?"

पुन्हा छेडली. तात्या बोटांवर मोजत राहिले, पाच, सहा. मला दोनच. मग जुनं यंत्र लावलं. तिथंही त्यांना सहा, मला दोन. म्हणजे यंत्र बिघडलंच नव्हतं. कान गेलेत माझे. कधीपासून? गिटारशिवाय मला दुसरं येतंय काय?

"कुणाला सांगू नका, तात्या."

"न्हाय सांगत. पण घरी सांग."

घरी आलो. बायको चुलीपाशी पाठमोरी बसून काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मी नुसतं 'हो' म्हटलं.