दारातलं दार आणि आमच्या घरची रीत

अनसिंग, माघ वद्य पंचमी

रा. रा. मारोतराव मेहुणे यांस इंद्रभानचा मेडशीच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल (माझी डावी बरगडी सोडून). तुमची बहीण सोजर तर फारच मजेत आहे, सोमवारपासून तिचं हसू थांबलेलं नाही.

तुम्ही दिलेला ढेकळ्या गुणी कुत्रा आहे, पण दिवसभर दार खरवडतो. आत घेतला की त्याला बाहेर जायचं असतं, बाहेर काढला की आत. चुलीपुढून ऊठबस करून सोजर वैतागली आणि म्हणाली, कुत्रा मेडशीला धाडा नाहीतर त्याला त्याचं दार करून द्या. म्हणून लखमा सुताराकडून मोठ्या दाराच्या फळीलाच खाली भोक पाडून झडप बसवली. ढेकळ्या मापाला उभा राहीना, तेव्हा लखमाने त्याला बसवून शेपटीसकट दोरी गुंडाळली. त्यामुळे भोक धड कुत्र्याचं झालं नाही, धड माणसाचं.

झडपेला हळदकुंकू लागलं आणि आमची माय आडवी आली. "नव्या दारातून पहिले घरचा कर्ता जाते. कुत्रं कायले जाईन?" हे दारातलं दार आहे, असं मी समजावून पाहिलं. तिचं एकच, दार ते दार. आता उजवा पाय आधी घालावा तर डोकं कुठे ठेवावं, आणि डोकं आधी घालावं तर त्यात उजवं-डावं कोणतं? या घोळात मी आतून डोकं नि हात बाहेर काढले आणि पोटाशी अडकलो. नेमकी तेव्हाच अंगणात बैलगाडी थांबली. आमच्या लेकीसाठी तुम्ही सुचवलेल्या मुलाचे वडील जगदेवराव, बुधवारी येणार ते सोमवारीच हजर! मी सवयीने हात जोडले. पालथा, जमिनीवर, थेट त्यांच्या पायांशी. सोजर दार उघडायला गेली तर दारासोबत मीही फिरू लागलो (बरगडी तिथली). त्यांनी चकित होऊन विचारलं, हे काय? मायने आतून बेधडक सांगितलं, "आमच्या घरची रीत हाय. पाहुण्याले असंच दंडवत घालतो आमी."

जगदेवरावांचे डोळे भरून आले. मला तेल लावून मागे ओढून काढेपर्यंत सोयरीक पक्की झाली होती. दोन स्थळं मोडल्यावर आमची चतुरा आता भाकरी थापताना गुणगुणते. मारोतराव, ते ऐकून मला फार बरं वाटतं. पण खरं सांगावं तर सोयरीक मोडेल, न सांगावं तर काय होईल ते कळत नाही. तुम्हीच सांगा.

तुमचा,
इंद्रभान

ता. क. काय होईल ते आत्ताच कळलं. जगदेवरावांचा निरोप आला आहे की व्याह्यांची रीत ते मोडणार नाहीत, लग्नाच्या दिवशी नवरदेव त्याच दारातून येईल. नवरदेव तुम्ही पाहिला आहे. तरी अंगरख्याचं निमित्त करून त्याच्या पोटाचं माप घ्या आणि दोरी ताबडतोब धाडा. जेवल्यावरचं घ्या. लखमा भोक वाढवायला तयार आहे.

दुसरा ता. क. ढेकळ्या अजून मोठं दारच खरवडतो. नवं दार माणसांचं आहे, हे त्याने सोमवारी डोळ्यांनी पाहिलं.