डाव्या बाजूचा पास

सर, तुमच्यावर मी अजून चिडलेलो आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, एव्हाना राग शिळा व्हायला हवा होता. माझा होत नाही, कारण तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मी पेपरात तुमच्यावर लेख लिहिला, अख्ख्या डिचोली बाजाराने तो मोठ्याने वाचला, आणि तुम्ही चोपड्याच्या फेरीबोटीत तोच पेपर वाचून, घडी घालून काखेत मारलात आणि शिट्टी गळ्यात घालून मैदानावर हजर. एक शिवी तरी हासडायची! तोंड काय कमी होतं तुम्हाला?

चोपड्याच्या कापलेल्या शेतात, भाताच्या खुंटांवर तुम्ही अनवाणी फुटबॉल खेळायला लागलात. पुढे खाणवाल्यांच्या संघात लेफ्ट बॅक झालात, पायात पहिल्यांदा बूट आले. गुडघा गेला तेव्हा त्यांनी हार घातला आणि बूट परत घेतले. मग कॉलेजात आम्ही तुमच्या वाट्याला आलो. मैदान रस्त्याला लागून, खनिजाचे ट्रक दिवसभर चाललेले, लाल धुळीतून बॉल आधी यायचा आणि मारणारा मागाहून दिसायचा. तुम्ही कडेला लंगडत ओरडताय, ''आरे, ट्रकवाल्याक आरसो तरी आसता! तुका मान दिल्या ती कित्याक रे?'' मोकळ्या जोडीदाराबद्दल तुमचा नियम एकच. ''दिसलो आनी बॉल दिलो ना, तर भायर बसपाचें. दिसलोच ना, तर माफ.'' त्यामुळे आम्हा सगळ्यांना धुळीचा मोठा आधार. ज्याला त्याला सगळं धुळीमुळेच दिसत नसे.

मग ते भाषेचं वर्ष आलं, गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी. रस्त्यावर झाडं आडवी, घराघरांत अबोला. मी मराठीवाला, सदऱ्याला बिल्ला लावून. आपला लेफ्ट विंग पाव भाजणाऱ्या पदेराचा मुलगा, कोकणीवाला. आदल्या वर्षापर्यंत तो बापाच्या भट्टीतले गरम उंडे आणायचा आणि अर्धा उंडा माझा असायचा. त्या वर्षी मी त्याचा पाव सोडला. आपल्याच मैदानावरच्या उपांत्य सामन्यात मी बॉल घेऊन पुढे गेलो, डावीकडून तो ओरडत होता, ''दी रे, दी!'' मी स्वतःच मारला. बॉल खांबाला आपटून परत आला, तो दुसऱ्या कोणीतरी आत ढकलला. जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तुम्ही तेवढे टाळ्या वाजवत नव्हता.

अंतिम सामन्याच्या दिवशी म्हापशाच्या स्टँडवर तुम्ही अकरा नावं वाचलीत. माझं नव्हतं. ''सर, का?'' तुम्ही कागद खिशात घातलात. ''तुका खबर आसा.'' म्हणे मला ठाऊक आहे. बस्स. आपण हरलो, आणि मी घरी जाऊन लेख लिहिला. मराठी म्हणून मला वगळलं, वर कारणही कोकणीत सांगितलं! झकास जमला होता. तुम्ही रोज मराठी पेपर वाचता, हे त्यात सोयीने राहून गेलं. पुढच्या वर्षी गोव्याचं राज्य झालं, कॉलेजात पेढे वाटले, आणि माझ्या लेखाने घाबरलेल्या प्रिन्सिपलांनी तुमची शिट्टी काढून घेऊन तुम्हाला लायब्ररीत एका खुर्चीवर बसवलं, पुस्तकांवर शिक्के मारायला. मला सदर मिळालं. तेव्हापासून लोकांना टोचून खातो आहे.

आता माझ्या लेखांचं पुस्तक निघतंय. प्रकाशकाने तोच लेख पहिला ठेवलाय. गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तुमचा लेफ्ट विंग भेटला, पावांच्या टोपलीमागे, केस पिठासारखे पांढरे.

''पुस्तक येता म्हणटात. सरांचो लेख घालतलो?''

''पहिलाच.''

''व्हडलो लेखक मरे तूं!'' तो हसला. मग म्हणाला, ''हांवें सरांक तेन्नाच म्हणिल्लें, कितें जालें तें हांव सांगतां लोकांक. सर म्हणाले, नाका. तो सांगतलो. ताका खबर आसा.''

त्याने उंडा पुढे केला. घ्यायला माझा हात पुढे झाला नाही.

म्हणजे तुम्ही वाट बघत होता! लायब्ररीत शिक्के मारत, चौदा वर्षं, मरेपर्यंत. हे काय कोचाचं काम झालं, सर? फाउल दिसला की शिट्टी वाजवायची असते. शिट्टी नव्हती तर टेबलावर हात आपटायचा. खेळाडू आपणहून सांगेल म्हणून कोण थांबतो? आणि थांबलात ते कोणासाठी, तर माझ्यासाठी! खेळाडू ओळखण्यात तुम्ही इतके कधी चुकला नव्हतात.

खरं तर प्रकाशकाला दोन ओळी लिहायला बसलो होतो, पहिला लेख काढा म्हणून. त्या अजून लिहिलेल्या नाहीत, आणि हे तर कुठे पाठवायचंच नाही. धुळीत दिसला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आलो. पण उपांत्य सामना रविवारी होता, सर. ट्रक बंद होते. तो मला स्वच्छ दिसला होता.